साडूच्या पार्किंगमधली अमेरिकन

माझ्या पोटात दुखतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी "तुम्हाला जळायला काय झालं?" असं विचारायला नको. माजिवड्याला एका टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाड्या लावायची जागा आहे. तिथे दोन गाड्यांची जागा अडवून आमच्या सासऱ्यांची जुनी अमेरिकन गाडी उभी असते, आणि त्या दोन्ही जागा माझ्या साडूच्या आहेत, त्याच्या स्वतःच्या गाड्यांच्या वेगळ्या. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही, हीच खरी पंचाईत. वाईट असता तर मोकळेपणाने जळता आलं असतं.

सासरे कल्याणचे. लग्नाला गाडी द्यायचा त्यांचा धंदा. एके काळी कल्याण, मुरबाड, भिवंडी, बदलापूर या पट्ट्यात नवरदेव अमेरिकनमधून उतरला की वधूपक्षाची माणसं आधी गाडी बघायची आणि मग नवरा. कंपनीचं नाव घरात कुणी घेत नसे. अमेरिकन धुतली का, अमेरिकन मुरबाडला गेलीय, अमेरिकनला आज हार घालू नका, पाऊस आहे, असंच सगळं बोलणं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या आधी मला खाली नेऊन गाडी दाखवली होती. मुलगी आवडलीच, पण गाडी जरा जास्त आवडली, हे मी अजून घरी बोललेलो नाही.

तिचा गियर खाली पायापाशी नाही, स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. डाव्या हाताला एक बारीक काठी, टोकाला पांढरी गोळी. काठी आपल्याकडे ओढून खाली आणली की पहिला. मग उचलून, पुढे ढकलून, वर नेली की दुसरा. तिथून सरळ खाली तिसरा. संपलं, तीनच गियर. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जरा घाई केली की बॉनेटच्या आतले दांडे एकमेकांत अडकतात आणि काठी ना पुढे हलते ना मागे. मग उतरा, बॉनेट उघडा, हात काळे करून दांडा मोकळा करा. मागे मुंडावळ्या बांधलेला नवरदेव घामाने निथळतोय, पुढे बँडवाले थांबलेत, आणि मुलीचा मामा मुहूर्त मुहूर्त म्हणून बोंबलतोय. सासऱ्यांच्या हातून असं कधी झालं नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांचं झालेलं मी पाहिलंय.

म्हणूनच बाकीच्यांनी हे गियर काढून टाकले. कुणी डिझेलचं इंजिन बसवलं आणि त्याच्याबरोबर खालचा चार गियरचा दांडा आला. कुणी जीपचा गियरबॉक्स ठोकून बसवला. सासऱ्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं, ते ऐकले नाहीत. लग्नं नसलेल्या महिन्यांत गाडीखाली गोणपाट टाकून झोपायचे आणि तोच गियर पुन्हा पुन्हा उघडून, घासून, ग्रीस लावून बसवायचे. लोक हसायचे. माझा साडू तर तिला डबडं म्हणायचा, आणि भर पंगतीत म्हणायचा.

मग काही वर्षांपूर्वी मुंबईहून एक जुन्या गाड्या जमवणारा गृहस्थ आला. गाडीभोवती एक फेरी मारली, रंग बघितला नाही, काही नाही. सरळ खिडकीतून मान आत घातली आणि काठीकडे बघत राहिला. हा गियर मूळचाच आहे का, असं त्याने दोनदा विचारलं. मग त्याने समजावून सांगितलं. तिकडे अमेरिकेत या मॉडेलला बहुतेकांनी पैसे जास्त टाकून ऑटोमॅटिक घेतली. हाताने गियर टाकायची गाडी घ्यायचा तो कंजूष, नाहीतर शेतावरचा माणूस. गरिबाचा माल म्हणून कुणी जपला नाही, भंगारात गेला. आणि आता तोच मिळत नाही म्हणून त्याच्यासाठी माणसं जीव टाकतात. त्याने जो आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही, माझं बीपी वाढतं. सासऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणाले.

त्या दिवसापासून साडूच्या तोंडचा डबडं हा शब्द गेला. विंटेज म्हणायला लागला. मोबाइलवर तसल्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचा आणि मला पाठवायचा. मला! ज्याने तिच्याखाली अर्धा जन्म काढला त्याला.

कारण मी काढला होता. सासऱ्यांना मुलगा नाही, दोन मुलीच. लग्नानंतर दर रविवारी आम्ही डोंबिवलीहून कल्याणला जायचो. बायको आईशी बोलत बसायची आणि मी खाली सासऱ्यांपाशी. आधी त्यांनी मला नुसतं फडकं दिलं. मग पाने. मग एका लग्नात त्यांना ताप होता म्हणून स्टिअरिंग दिलं, तेही शेजारी स्वतः बसून, आणि पुढे रविवारच्या बऱ्याच लग्नांना तसंच. मी एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला होतो. आठवडाभर व्हॉल्व्ह उघडणं आणि बंद करणं, नाकात तो वास. रविवारी ती काठी हातात आली की मला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत. रस्त्यावरची माणसं वळून बघायची. मला ती गाडी हवी होती. विकायला नाही, मिरवायलाही नाही. ठीक आहे, थोडी मिरवायला. पण मुख्य म्हणजे चालवायला. सासऱ्यांनंतर ती माझ्याकडेच येणार यात मला काडीची शंका नव्हती. साडूला तर गियरची गाडीच येत नाही, त्याच्या दोन्ही गाड्या ऑटोमॅटिक.

मग सासऱ्यांचा डावा गुडघा गेला. त्या गाडीचा क्लच म्हणजे दगडी, दाबायला जवान माणसाचा पाय पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलं की आता हे बंद. त्यानंतर धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात आणि वाण देतात, आणि आमच्या सासूबाई त्यात अतिशय कडक. दोन जावई, दोघांना तंतोतंत सारखं. अनारशांची ताटं एकसारखी, चांदीची निरांजनं एकाच वजनाची, शर्टाचं कापडसुद्धा एकाच ताग्यातलं. म्हणून मी आणि साडू तीन वर्षांतून एकदा बँडवाल्यांसारखे एकाच रंगात दिसतो. त्या दिवशी जेवण झालं, विडा झाला, आणि सासऱ्यांनी घसा खाकरला. मला कळलं. मी पान गालात सरकवून सरळ बसलो.

"अमेरिकन धाकट्या जावईबापूंकडे जाईल," ते म्हणाले. "त्यांच्याकडे छप्पर आहे."

छप्पर. बस, एवढंच कारण. आमची डोंबिवलीची सोसायटी जुनी. खाली चार स्कूटर आणि सेक्रेटरीची गाडी, पुढे पाण्याची टाकी. अमेरिकन तिथे आडवी घातली तर गेट बंद होणार नाही. आणि पावसात उघड्यावर उभी केली तर दोन वर्षांत चाळण. सासऱ्यांचं बरोबरच होतं, आणि ते बरोबर होतं म्हणून जास्त झोंबलं. माझ्या तीस वर्षांच्या रविवारांवर एका पार्किंगने पाणी फिरवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथे बीळच नागोबाचं होतं, काय बोलणार. मी हसून साडूला अभिनंदन म्हणालो. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि विडा झालेला असतानाही मला आणखी एक धोंडा वाढला.

गाडी माजिवड्याला न्यायची कुणी, तर मीच. दुर्गाडी पूल उतरून, कोन गावावरून, रांजनोली, माणकोली, खारेगाव, असा भर ट्रॅफिकमधून मी तिला नेली. एक ओरखडा नाही. साडू शेजारी बसून व्हिडिओ काढत होता. त्यात गाडीचा पुढचा भाग दिसतो, रस्ता दिसतो, साडूचं तोंड दिसतं, आणि माझा डावा हात दिसतो, मनगटापर्यंत. तो व्हिडिओ त्याने सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, बाबांची अमेरिकन घरी आली.

पुढे नेमच झाला. उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हणून दर रविवारी सकाळी साडूचा फोन यायचा आणि मी माजिवड्याला जायचो. गाडी बाहेर काढायची, घोडबंदरच्या बाजूला एक फेरी मारून आणायची. साडू मागे बसायचा, मागे पाय पसरता येतात म्हणे. टॉवरच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला दर वेळी फोन करून विचारायचा, साहेब, तुमचा ड्रायव्हर आलाय, पाठवू का? साडूने त्याला एकदा सांगितलं की ते माझे साडू आहेत. पुढच्या रविवारी सिक्युरिटीवाला म्हणाला, साहेब, तुमचे साडू ड्रायव्हर आलेत. तरी मी जात होतो. का, तर त्या सगळ्या टॉवरमध्ये, चाळीस मजल्यांत, ती काठी हलवता येणारा मी एकटा होतो. गाडी त्याची, छप्पर त्याचं, पण माझ्याशिवाय ती जागची हलत नव्हती. तेवढ्यावर मी जगत होतो म्हणा ना.

मग एके रविवारी साडू पुढच्या सीटवर येऊन बसला आणि म्हणाला, भाऊ, मला शिकवा.

नाही कसं म्हणणार? टॉवरच्या मागे एक नवा रस्ता आहे, बांधून तयार, पण पुढे कुठेच जात नाही. तिथे मी त्याला शिकवायला घेतलं. सगळं सांगितलं. क्लच कुठवर दाबायचा, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, नाहीतर दात घासतात. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. पहिल्यातून काठी काढली की मध्ये थांबायचं असतं. सासऱ्यांनी मला शिकवलेलं माप होतं: काठी मोकळी झाली की एक आवंढा गिळायचा, मग दुसरा टाकायचा. तेवढ्यात आतले दांडे सरळ रेषेत येतात. हे मी गिळलं. पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही, उलट मजा यायची. साडू घाईघाईत काठी ढकलायचा, खाड्कन अडकायची, आणि मी शांतपणे उतरून बॉनेट उघडायचो. जाऊ दे हो, ज्याचा त्याचा हात असतो, असं म्हणायचो. घरी येऊन दोन घास जास्त जेवायचो. बायको म्हणायची, आज बरेच खुशीत दिसताय.

असं बरेच रविवार चाललं. बिचारा खरंच प्रयत्न करत होता. आणि मग एकदा, काठी दिवसभरात तिसऱ्यांदा अडकल्यावर, त्याने रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "भाऊ, मी ठरवलंय. ऑटोमॅटिक बसवून घेतो. बाबांना आत्ता काही सांगू नका."

त्याने सगळी चौकशी केलेली होती. अशाच एका अमेरिकन गाडीचा मूळ ऑटोमॅटिक गियरबॉक्स कुणाकडे तरी पडला होता. मेकॅनिक तयार होता. काठी काढायची, तिसरं पेडल काढायचं, मधला बोगदा थोडा कापायचा, झालं. पुढच्या महिन्यात गाडी गॅरेजमध्ये जाणार होती. वडाची साल पिंपळाला! जो गियर आहे म्हणून ती गाडी गाडी आहे, तोच हा माणूस कापून काढणार होता, आणि वर मला म्हणाला की मग तुम्हाला दर रविवारी त्रास नको.

मी घरी आलो आणि खुर्चीत बसलो. आता जे मनात आलं ते सांगतो. पहिल्यांदा आलं ते हे, की होऊ दे. कापू दे गियर. मग ती गाडी फक्त एक जुनी मोठी गाडी उरेल, जशा लग्नाच्या हॉलबाहेर भाड्याने मिळतात. कुणी मान आत घालून बघणार नाही. मलाही जळायचं काही कारण उरणार नाही. मला नाही तर कुणालाच नाही, हा विचार मी चांगला चहा होईपर्यंत चघळला आणि तो गोड लागला.

बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली की बाबांना सांगा. पण बाबांना सांगितलं तर काय होणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सासरे एकदा रागावले की रागावले. त्यांनी उद्याच त्या मुंबईवाल्याला फोन करून गाडी देऊन टाकली असती, आणि दोघी बहिणींत जन्माचं वाकडं आलं असतं. मग बायकोने विळीवरून मान वर केली.

"अहो, त्याला ती येत का नाही?" तिने विचारलं. "तुम्ही तर मला सुद्धा शिकवली होतीत, एका दुपारी."

मी पेपर उघडला. ती पुन्हा भाजी चिरायला लागली. बाईने बोलावं तरी, भांडता येतं.

पुढच्या रविवारी मी फोनची वाट न बघता माजिवड्याला गेलो. साडूला त्या आंधळ्या रस्त्यावर नेलं आणि इंजिन बंद करायला लावलं. त्याचा हात काठीवर ठेवला आणि माझा हात त्याच्या हातावर. पहिला टाक, म्हटलं. आता काढ. आता गीळ. काय गिळू, त्याने विचारलं. आवंढा गीळ रे, म्हटलं, थुंकी गीळ, आणि मग दुसरा. त्याने गिळला. काठी लोण्यातून गेल्यासारखी वर गेली. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग आम्ही इंजिन चालू केलं आणि त्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो, आलो, पुन्हा गेलो. दुपारपर्यंत काठी एकदाही अडकली नाही. हे आधी का नाही सांगितलंत, असं त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तो इतका खूश होता की त्याच्या डोक्यातच आलं नाही, आणि त्याने तिथेच मेकॅनिकला फोन लावून काम रद्द केलं. खाली उतरून मला मिठी मारली. मी उभा होतो खांबासारखा.

गियर वाचला. आणि माझ्या हातात जे एक होतं ते मी त्याच्या हातात देऊन घरी आलो. पुढच्या रविवारी फोन आला नाही. मी दाढी करून, शर्ट घालून तयार होतो. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. मग संध्याकाळी एक व्हिडिओ आला. त्यात त्याचाच डावा हात होता.

शेवटी साडूने ठरवलं की बाबांना अमेरिकनमधून टिटवाळ्याला गणपतीला न्यायचं, आणि स्वतः चालवत न्यायचं. मला येण्याचा आग्रह केला, भाऊ, तुम्ही माझे गुरू. गेलो. कल्याणहून निघालो. पुढे साडू आणि त्याच्या शेजारी सासरे. मागे सासूबाई, दोघी बहिणी, आणि खिडकीला मी. इतक्या वर्षांत त्या गाडीत मी मागे कधी बसलोच नव्हतो. मागून गाडी फार लांब वाटते.

शहाडच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेला होता. चढावर पुढे विटांचा ट्रक, मागे बस. मी सीटच्या कडेवर आलो. आता कळेल, म्हटलं. चढावर थांबायचं, पहिला, क्लच, मग दुसरा, परत थांबायचं, परत पहिला. मी कान लावून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मनात म्हणत होतो, गणराया, एकदा अडकू दे. एकदाच. मी उतरेन, बॉनेट उघडेन, सगळ्यांसमोर. पण काही झालं नाही. पहिला गेला, दुसरा गेला, कुठे खट् नाही की कर्र नाही. इतकं साफ की मला माझ्याच शिकवण्याचा राग आला.

पूल उतरताना मेहुणीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "भावोजी, बघा," ती हळूच म्हणाली, "बाबांना झोप लागली."

मी वाकून बघितलं. सासऱ्यांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड उघडं होतं. हात मांडीवर, डावा पाय सैल पडलेला. मी चालवायचो तेव्हा हाच पाय माझ्या प्रत्येक गियरला रिकाम्या मॅटवर क्लच दाबायचा आणि हात डॅशबोर्डला घट्ट धरलेला असायचा. उन्हातान्हात मुरबाडहून लग्नं आटोपून येताना, दमून, उपाशीपोटी, कितीदा ते माझ्या शेजारी बसले असतील. मला वाटायचं, त्यांना गाडीची हौस आहे, म्हणून ते जागे राहतात.

बायको म्हणते, वय झालं, गोळ्या चालू आहेत, आता कुठेही झोप लागते त्यांना. असेल. पण माझ्या शेजारी कधी लागली नाही.